१४५ चा आकडा, अध्यक्षांची खुर्ची आणि पडणारी सरकारे

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत भाजप-शिवसेना युतीला १६१ जागा मिळूनही महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट का लागली? पहाटेचे सरकार चार दिवसही का टिकले नाही? १६९ मतांनी विश्वास मिळवलेले शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस यांच्या महाविकास आघाडीचे सरकार अडीच वर्षांत कसे कोसळले? आणि एवढा घोळ घालण्यापेक्षा सरळ पुन्हा निवडणूक का घेत नाहीत?

सगळी चर्चा १४५ या आकड्याभोवती फिरते, पण आकडा शेवटी मोजला जातो. तो कोणाच्या बाजूने मोजला जाणार हे आधीच तीन ठिकाणी ठरलेले असते: विधिमंडळ सचिवालयाच्या दफ्तरात गटनेता आणि प्रतोद (मत कसे द्यायचे हा पक्षाचा आदेश आमदारांना देणारा) म्हणून कोणाचे नाव आहे, अध्यक्षांच्या खुर्चीत कोण बसले आहे, आणि मतदानाची तारीख कोणाच्या हातात आहे. या तिन्हींपैकी दोन हातची गेली की १६९ चे १०० व्हायला आठवडा पुरतो.

तरी आकड्यापासूनच सुरुवात करू, कारण तिथेही गफलत होते. सभागृह २८८ चे, म्हणून बहुमत १४५, हे बरोबर. पण विश्वासदर्शक ठराव मंजूर व्हायला १४५ मते लागतातच असे नाही. घटनेच्या कलम १८९ नुसार हजर राहून मत देणाऱ्यांचे बहुमत पुरते. अध्यक्ष मत देत नाहीत. मते समसमान पडली तरच त्यांचे निर्णायक मत. आता समजा, सत्ताधाऱ्यांकडे अध्यक्ष धरून १५० आणि विरोधकांकडे १३८ आमदार आहेत. सत्ताधाऱ्यांचे सहा आमदार पलीकडे जाऊन बसले तर सत्ताधाऱ्यांचे उरतात १४४, त्यातले अध्यक्ष वजा केले की १४३, आणि समोर १४४. सरकार पडले. तेच आमदार पलीकडे न जाता राजीनामे देणार असतील तर सहा पुरत नाहीत. अकरा जणांनी राजीनामे दिले तर १३८ विरुद्ध १३८ होते आणि अध्यक्षांच्या मतावर सरकार वाचते. बारावा राजीनामा आला की पडते. म्हणजे राजीनाम्याच्या वाटेने दुप्पट माणसे लागतात. तरीही गेल्या काही वर्षांत कर्नाटकात आणि मध्य प्रदेशात हीच महागडी वाट निवडली गेली. उघड विरोधी मत दिले तर पक्षांतरबंदी कायद्याने आमदारकी जाते आणि पुन्हा निवडून येईपर्यंत मंत्रीही होता येत नाही. वेळेत मंजूर झालेल्या राजीनाम्यानंतर मात्र माणूस मोकळा: दुसऱ्या पक्षाचे तिकीट घ्या, पोटनिवडणूक लढवा, निवडून येण्याआधीही सहा महिने मंत्री राहा. मार्च २०२० मध्ये मध्य प्रदेशात काँग्रेसच्या २२ आमदारांनी राजीनामे दिले आणि बहुमत चाचणीची वेळ येण्याआधीच, २० मार्चला, मुख्यमंत्री कमलनाथ पायउतार झाले.

गैरहजेरीचा हिशेबही राजीनाम्यासारखाच चालतो, फक्त अपात्रतेची टांगती तलवार राहते. एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. अध्यक्षांना हटवायचे असेल तर १४ दिवसांची नोटीस लागते आणि सभागृहाच्या त्या वेळच्या एकूण सदस्यांचे बहुमत लागते, निव्वळ हजर असलेल्यांचे नव्हे. गैरहजेरीने तो आकडा खाली येत नाही. म्हणून मुख्यमंत्री हलवणे एक वेळ सोपे, अध्यक्ष हलवणे कठीण.

आता २०१९. मतदान २१ ऑक्टोबरला, निकाल २४ ऑक्टोबरला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. त्या वेळी एक समज जोरात पसरला होता की ९ नोव्हेंबरला जुन्या विधानसभेची मुदत संपली की राष्ट्रपती राजवट आपोआप लागते. तसे काही नसते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ७३ खालची अधिसूचना निघाली की नवी विधानसभा रीतसर अस्तित्वात येते, आणि तिची पाच वर्षे पहिल्या बैठकीपासून मोजतात. जुना मुख्यमंत्री राजीनामा देऊन काळजीवाहू राहू शकतो. फडणवीसांनी ८ नोव्हेंबरला तेच केले. राष्ट्रपती राजवटीसाठी राज्यपालांचा अहवाल आणि केंद्रीय मंत्रिमंडळाचा निर्णय लागतो. मुदत संपणे हे त्याचे निमित्त असते, कारण नसते.

राज्यपालांनी कोणाला आधी बोलवायचे याचा क्रम घटनेत कुठेही लिहिलेला नाही. सरकारिया आयोगाने सुचवलेला क्रम सगळे वापरतात: आधी निवडणूकपूर्व युती, मग इतरांच्या पाठिंब्याने दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग सगळे घटक सत्तेत बसणारी निवडणुकोत्तर आघाडी, आणि शेवटी काही घटक सत्तेत व काही बाहेरून पाठिंबा देणारे, अशी आघाडी. २०१९ मध्ये पहिल्या पायरीवरच अडले. युतीकडे १६१ होते, पण मुख्यमंत्रिपदाच्या वाटणीवरून युती म्हणून दावा करायला कोणी राजभवनावर गेलेच नाही. राज्यपालांच्या दृष्टीने जी युती एकत्र येऊन पत्र देत नाही, ती नसल्यात जमा. मग राज्यपाल भगतसिंग कोश्यारींनी भाजपला विचारले, भाजपने १० नोव्हेंबरला नकार दिला. शिवसेनेला चोवीस तास मिळाले. शिवसेनेचे नेते ११ तारखेला संध्याकाळी राजभवनावर पोहोचले ते इच्छा घेऊन. काँग्रेस आणि राष्ट्रवादीची पत्रे हातात नव्हती. तीन दिवसांची वाढीव मुदत मागितली, ती मिळाली नाही. राष्ट्रवादीला १२ तारखेच्या रात्री साडेआठपर्यंत वेळ होता, पण त्याआधीच, त्याच दिवशी राष्ट्रपती राजवट लागली. विधानसभा बरखास्त झाली नाही, स्थगित ठेवली गेली, हे महत्त्वाचे. म्हणूनच पुढची सगळी नाटके शक्य झाली.

मुदत देताना भाजपला आणि शिवसेनेला वेगवेगळी वागणूक मिळाली का, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. तो वाद रास्त होता. पण प्रत्यक्ष व्यवहारात शिकण्यासारखे एवढेच: पाठिंब्याचे पत्र आधी, राजभवनाची वेळ नंतर. पत्र म्हणजे पक्षाध्यक्षांचे किंवा अधिकृत गटनेत्याचे सहीचे पत्र, सोबत प्रत्येक आमदाराचे नाव, मतदारसंघ आणि सही, आणि मजकुरात कोणाला मुख्यमंत्री करण्यासाठी पाठिंबा आहे हे स्पष्ट. ‘चर्चा सुरू आहे’ हे पाठिंब्याचे पत्र होत नाही. गोव्यात २०१७ मध्ये ४० पैकी १७ जागा घेऊन काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष होता, भाजप १३ वर होता. भाजपने पत्रे जमवून लगेच दावा केला, काँग्रेस वाट पाहत राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा पहिला प्रश्न हाच आला की तुमच्याकडे पाठिंबा असल्याची कागदपत्रे कुठे आहेत. १६ मार्चच्या चाचणीत भाजपच्या मनोहर पर्रीकरांना २२ मते पडली.

पहाटेच्या शपथविधीचा धडा याच्या बरोबर उलट आहे: पत्र होते, त्यामागे आमदार नव्हते. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक न घेता पंतप्रधानांना निर्णय घेऊ देणारा कामकाज नियमांतला बारावा नियम त्यासाठी वापरला गेला. आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांनी शपथ घेतली. अजित पवार त्या क्षणी राष्ट्रवादीचे गटनेते होते, त्यामुळे त्यांनी दिलेल्या ५४ सह्यांच्या यादीला कागदोपत्री वजन होते. सह्या वेगळ्या कामासाठी घेतलेल्या होत्या, असे पक्षाचे म्हणणे. इथे राष्ट्रवादीने जे केले ते वेगाने आणि अचूक केले. त्याच दिवशी बैठक घेऊन गटनेता बदलला, जयंत पाटलांकडे अधिकार दिले आणि तसे पत्र विधिमंडळात पोहोचवले. गटनेता बदलल्यानंतर पक्षादेश काढण्याचा अजित पवारांचा दावा लुळा पडला. हा बदल झाला नसता तर ५४ आमदारांना ‘भाजपला मत द्या’ असा आदेश निघाला असता आणि तो मोडणारे अपात्रतेच्या फेऱ्यात सापडले असते.

सर्वोच्च न्यायालयाने रविवारी सुनावणी घेतली आणि २६ नोव्हेंबरला आदेश दिला: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत चाचणी, हंगामी अध्यक्षांसमोर, खुले मतदान, थेट प्रक्षेपण, गुप्त मतपत्रिका नाही. या आदेशातला प्रत्येक शब्द आधीच्या एकेका अनुभवातून आला आहे. मुदत तोकडी, कारण कर्नाटकात २०१८ मध्ये राज्यपालांनी भाजपच्या येडियुरप्पांना १५ दिवस दिले होते आणि न्यायालयाने ते एका दिवसावर आणले. १०४ आमदार असलेल्या येडियुरप्पांनी १९ मे रोजी मतदानाआधीच राजीनामा दिला. हंगामी अध्यक्षांसमोर, कारण आधी नियमित अध्यक्षाची निवडणूक घेतली तर तीच पहिली शक्तिपरीक्षा होते आणि जिंकणाऱ्याच्या हाती अपात्रतेचे हत्यार येते. थेट प्रक्षेपण, कारण कर्नाटकात हंगामी अध्यक्ष म्हणून के. जी. बोपय्या यांच्या नेमणुकीला आक्षेप होता. न्यायालयाने नेमणूक रद्द केली नाही, कॅमेरे मात्र लावायला सांगितले. आणि खुले मतदान, कारण आवाजी मतदानाचा अनुभव महाराष्ट्राला २०१४ चा होता. १२ नोव्हेंबर २०१४ रोजी, १२२ जागा जिंकलेल्या भाजपच्या सरकारने आवाजी मतदानाने विश्वास मिळवला. शिरगणतीची मागणी मान्य झाली नाही, आणि सरकारच्या बाजूने नेमके किती जण होते याची नोंद कधी झालीच नाही. आदेश आल्यावर काही तासांत अजित पवार आणि मग फडणवीस यांनी राजीनामे दिले. साधारण ८० तासांचे सरकार.

२८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांचा शपथविधी, ३० तारखेला १६९ मते, विरोधात शून्य, कारण भाजपने सभात्याग केला होता. इथपर्यंत सगळे पक्के. आता घसरण कुठून लागली ते पाहा.

माझ्या मते या सरकारचा पाया हलला तो जून २०२२ मध्ये सुरतेच्या वाटेवर नव्हे, ४ फेब्रुवारी २०२१ रोजी. त्या दिवशी नाना पटोले यांनी प्रदेशाध्यक्ष होण्यासाठी विधानसभेचे अध्यक्षपद सोडले. त्यानंतर सतरा महिने ही खुर्ची रिकामी राहिली. उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ काम पाहत होते. आघाडीला गुप्त मतदानाची धास्ती होती, म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून अध्यक्षांची निवड आवाजी मतदानाने करण्याचे ठरवले. निवडणुकीची तारीख राज्यपालांकडून यावी लागते. त्यांनी नियमबदलाला हरकत घेतली आणि तारीख आली नाही. बहुमत असताना, विरोधक विस्कळीत असताना, पहिल्याच अधिवेशनात नवा अध्यक्ष बसवून घेणे हे त्या आघाडीचे सर्वांत स्वस्त विमापत्र होते. ते काढायचे राहून गेले. आघाडीत अध्यक्षपद एका पक्षाच्या वाट्याला जाते आणि त्या पक्षाला ते मंत्रिपदापेक्षा कमी वाटते, म्हणून असे होते.

धोक्याची घंटा मात्र दोनदा वाजली. १० जून २०२२ ला राज्यसभेच्या निवडणुकीत शिवसेनेचे संजय पवार हरले आणि भाजपचे धनंजय महाडिक निवडून आले. राज्यसभेला मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवून द्यावे लागते, पण अपक्षांना ते बंधन नाही. गळती तिथून होती. २० जूनला विधान परिषदेच्या दहा जागांचे मतदान गुप्त होते आणि तिथे काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. एका जागेला पहिल्या पसंतीची २६ च्या आसपास मते पुरत होती. आघाडीतली खदखद किती खोल आहे हे बघायचे असेल तर विश्वासदर्शक ठराव बघू नका, परिषदेची गुप्त मतपत्रिका बघा. तिथे पक्षांतरबंदीचा हात पोहोचत नाही आणि फुटलेले मत कोणाचे हे सिद्ध होत नाही. त्याच रात्री एकनाथ शिंदे सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला.

२१ जूनला शिवसेनेने शिंदे यांना गटनेतेपदावरून काढून अजय चौधरी यांना नेमले, आणि उपाध्यक्षांनी ते मान्य केले. बैठकीला न आल्याबद्दल १६ आमदारांविरुद्ध अपात्रतेच्या याचिका दाखल झाल्या. २०१९ च्या नोव्हेंबरचीच युक्ती, पण या वेळी ती अडकली. उपाध्यक्षांनाच हटवण्याची नोटीस शिंदे गटाने दिली होती, आणि ज्याच्यावर अशी नोटीस प्रलंबित आहे त्याने अपात्रतेचा निर्णय करू नये, असे नबाम रेबिया प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. २७ जूनला न्यायालयाने आमदारांना उत्तरासाठी १२ जुलैपर्यंत वेळ दिला. राज्यपालांनी चाचणी ठेवली ३० जूनला. अपात्रतेची तारीख चाचणीच्या पुढे गेली, तिथेच डाव संपला. २९ जूनच्या रात्री न्यायालयाने चाचणीला स्थगिती नाकारली आणि ठाकरे यांनी राजीनामा दिला.

हा राजीनामा पुढे फार महागात पडला. ११ मे २०२३ रोजी घटनापीठाने सांगितले की राज्यपालांकडे चाचणी बोलावण्याइतका ठोस आधार नव्हता. पक्षातील नाराजी म्हणजे सरकारचा पाठिंबा काढणे नव्हे. पण ठाकरे चाचणीला सामोरे न जाता स्वतःहून गेले, म्हणून पूर्वस्थिती आणता येत नाही. याच्याशी अरुणाचल ताडून बघा. तिथे नबाम तुकी यांचे सरकार राष्ट्रपती राजवटीमुळे गेले होते, त्यांनी राजीनामा दिला नव्हता. १३ जुलै २०१६ ला न्यायालयाने त्यांना परत बसवले. (ते परत आले आणि काही दिवसांत पायउतार झाले, कारण आमदार उरले नव्हते. न्यायालय खुर्ची देऊ शकते, आमदार देऊ शकत नाही.) हरण्याची खात्री असली तरी कोर्टाची लढाई लढायची असेल तर सभागृहात हरावे, राजभवनावर नाही.

त्यानंतरचा क्रमही बघण्यासारखा आहे. शिंदे आणि भाजप यांच्या नव्या सरकारने ३० जूनला शपथ घेतली, विश्वासमत ४ जुलैला घेतले, पण त्याच्या आदल्या दिवशी अध्यक्षाची निवडणूक उरकली. आघाडीला न मिळालेली तारीख आता चार दिवसांत मिळाली. राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ ने निवडून आले, आणि शिंदे गटाचे गटनेते व प्रतोद मान्य झाले. दुसऱ्या दिवशी १६४ विरुद्ध ९९. एका रात्रीत विरोधकांची आठ मते घटली. काही आमदार उशिरा पोहोचले आणि तोवर सभागृहाचे दरवाजे बंद झाले होते. मतदान पुकारले की घंटा वाजते, ती थांबली की दरवाजे लागतात. माजी मुख्यमंत्री असोत की पहिल्यांदा निवडून आलेले, नियम एकच.

आता ‘दोन तृतीयांश’चा गैरसमज. शिवसेनेचे तेव्हा ५५ आमदार होते, दोन तृतीयांश म्हणजे ३७. शिंदे यांच्याकडे ४० होते, म्हणून ते सुरक्षित, असे टीव्हीवर सतत सांगितले गेले. कायद्यात असे नाही. १९८५ च्या दहाव्या अनुसूचीत (म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात) एक तृतीयांश आमदारांच्या फुटीला संरक्षण होते. ते २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकले. उरले ते चौथ्या परिच्छेदातले विलीनीकरण: मूळ पक्ष दुसऱ्या पक्षात विलीन झाला आणि दोन तृतीयांश आमदारांनी ते मान्य केले तर. शिंदे गटाने विलीनीकरणाचा दावा केलाच नाही. ‘आम्ही फुटलो नाही, आम्हीच शिवसेना’ ही भूमिका घेतली. २०२३ मध्ये राष्ट्रवादीतही तोच साचा वापरला गेला. त्यामुळे भांडण संख्येवरून सरकून ‘मूळ पक्ष कोणता’ यावर आले. निवडणूक आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांना दिले. अध्यक्षांनी १० जानेवारी २०२४ ला तोच निष्कर्ष काढला आणि दोन्ही बाजूंच्या कोणालाच अपात्र केले नाही. त्या निकालात पक्षाची घटना कळीची ठरली. २०१८ मध्ये बदललेली घटना आयोगाच्या दफ्तरी नाही म्हणून १९९९ ची धरली गेली. पक्षाची घटना दुरुस्त करून ती आयोगाकडे आणि विधिमंडळाकडे रीतसर नोंदवणे हे कारकुनी काम वाटते. प्रादेशिक पक्ष ते वर्षानुवर्षे टाळतात, आणि फूट पडल्यावर नेमका तोच कागद मागितला जातो.

पक्षादेशाबद्दलही थोडे. प्रतोद कोण, हे मूळ राजकीय पक्ष ठरवतो, विधिमंडळ गट नव्हे. भरत गोगावले यांची प्रतोद म्हणून दिलेली मान्यता घटनापीठाने याच कारणावरून बेकायदा ठरवली. आदेश लेखी हवा, मोडल्यास अपात्रता येईल हे त्यात लिहिलेले हवे, आणि तो पोहोचल्याचा पुरावा हवा. आदेश पोहोचलाच नाही, हा बचाव दर वेळी येतो. म्हणून निवासस्थान, आमदार निवास, ईमेल, व्हॉट्सॲप अशा सगळ्या वाटांनी पाठवून नोंद ठेवतात. आदेश मोडला तरी पक्षाने १५ दिवसांत माफ केले तर अपात्रता लागत नाही. मत न देताही आमदारकी जाऊ शकते: वागण्यावरून पक्ष सोडल्याचे दिसले तर ‘स्वेच्छेने सदस्यत्व सोडले’ असे धरता येते, राजीनामा लागत नाही. आणि अपक्षांना तर पक्षादेशच लागू नाही. ते एखाद्या पक्षात सामील झाले तरच अडचण. त्यामुळे काठावरच्या सरकारात अपक्षांचा भाव सर्वांत चढा असतो आणि त्यांची जबाबदारी सर्वांत कमी.

हा भाव फोडायला सरकारकडे फारसे काही नसते. ९१ व्या दुरुस्तीनेच मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली. महाराष्ट्रात ती ४३. पाठीशी १६९ असतील तर १२६ जण बाहेर. उरतात महामंडळे, पालकमंत्रिपदे आणि निधी. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचा अध्यक्ष असतो, म्हणजे तालुक्यातल्या रस्त्याला पैसे कधी मिळणार हे त्याच्या सहीवर चालते. आपल्या जिल्ह्यात मित्रपक्षाचा पालकमंत्री म्हणजे आमदाराच्या दृष्टीने विरोधी पक्षात असल्यासारखेच. २०२२ च्या बंडखोरांनी जाहीरपणे सांगितलेल्या कारणांत निधीची तक्रार होतीच. आणि हे दुखणे फक्त काठावरच्या सरकारांचे नाही. २०२४ मध्ये २३० जागा मिळवलेल्या महायुतीलाही जानेवारी २०२५ मध्ये रायगड आणि नाशिकच्या पालकमंत्र्यांची नावे जाहीर करून दुसऱ्या दिवशी स्थगित करावी लागली.

कर्नाटकचे २०१८-१९ चे सरकार याच आजाराने गेले, पण वेगळ्या वाटेने. ३७ जागांच्या जनता दलाचा मुख्यमंत्री आणि त्याच्या दुपटीहून मोठी काँग्रेस साथीला. जुलै २०१९ मध्ये राजीनाम्यांची रांग लागली. अध्यक्ष रमेश कुमार यांनी ते लगेच स्वीकारले नाहीत. राजीनामा स्वेच्छेचा आणि खरा आहे याची खातरजमा करणे हे कलम १९० खाली अध्यक्षांचे काम आहे, आणि त्याच कलमाच्या आडोशाने वेळही काढता येतो. चर्चा १८ जुलैला सुरू झाली, राज्यपालांनी दिलेल्या दोन मुदती उलटून गेल्या, मतदान झाले २३ जुलैला: ९९ विरुद्ध १०५. नंतर अध्यक्षांनी १७ जणांना विधानसभेची मुदत संपेपर्यंत अपात्र केले. सर्वोच्च न्यायालयाने अपात्रता कायम ठेवली, पण निवडणूक लढवण्यावरची बंदी उठवली. ५ डिसेंबरला १५ जागांवर पोटनिवडणूक झाली आणि त्यातल्या १२ भाजपने जिंकल्या. खुर्ची ताब्यात असलेला अध्यक्ष सरकार काही दिवस लांबवू शकला, वाचवू शकला नाही. पण ती नसती तर २३ जुलैची वाटही पाहावी लागली नसती.

राहिला शेवटचा प्रश्न: पुन्हा निवडणूकच का नाही? विधानसभा विसर्जित करण्याचा सल्ला बहुमत असलेला मुख्यमंत्री देऊ शकतो. बहुमत गमावलेल्याचा सल्ला मानायला राज्यपाल बांधील नसतात, त्यांनी आधी दुसरे सरकार होते का ते पाहायचे असते. राष्ट्रपती राजवटीत विसर्जन करता येते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या बोम्मई निकालापासून संसदेच्या मंजुरीआधी केलेले विसर्जन टिकत नाही, आणि बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात तपासायचे असते. आमदारांनाही पुन्हा निवडणूक नको असते. नुकताच खर्च झालेला, पुन्हा तिकिटाची खात्री नाही, त्यामुळे निकालानंतरच्या पहिल्या वर्षात कोणताही आमदार कोणत्याही सरकारला निवडणुकीपेक्षा बरे मानतो. स्थगित विधानसभेत आघाड्या जुळतात त्या याच भीतीने.

बिहारमध्ये २००५ मध्ये ही वाट वापरून पाहिली गेली. फेब्रुवारीच्या निवडणुकीत २४३ च्या सभागृहात कोणालाच बहुमत मिळाले नाही, ७ मार्चला राष्ट्रपती राजवट लागली, विधानसभा स्थगित राहिली. मे महिन्यात नितीशकुमार यांच्या बाजूने संख्या जमू लागल्याचे दिसताच राज्यपाल बुटासिंग यांनी घोडेबाजाराचा अहवाल दिल्लीला पाठवला आणि २३ मेच्या मध्यरात्री विसर्जनाची अधिसूचना निघाली. सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले, पण तोवर नवी निवडणूक जाहीर झालेली असल्याने जुनी विधानसभा परत आणली नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मतदान झाले आणि २४ नोव्हेंबरला नितीशकुमार स्पष्ट बहुमताने मुख्यमंत्री झाले. फेब्रुवारीत निवडून आलेल्या त्या विधानसभेची एकही बैठक झाली नाही. आमदार निवडून आले, नऊ महिन्यांत पुन्हा मत मागायला गेले, आणि मधल्या काळात त्यांना सभागृहात शपथसुद्धा घेता आली नाही.